शिमग्याचं लाकूड

१

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी बावीस खोल्यांची एक बैठी चाळ होती, आणि त्या चाळीत कुणीही छत्री उघडायच्या आधी ती उलटी धरून झटकायचा. भर उन्हाळ्यातसुद्धा. कारण शेवटच्या खोलीत धाकू राऊळ राहायचा. छत्रीत पीठ, चपलेत चिंच, पाण्याच्या तांब्यात मीठ, ही त्याची नित्याची कामं. गिरण्यांच्या संपाला दोन वर्षं झाली होती, हाताला दुसरं काम नव्हतं, मग माणसानं करायचं काय?

चाळीचा सेक्रेटरी नंदकुमार म्हणायचा, "काम होतं तेव्हाही हा असलाच होता. गिरणीत पगार खोड्या काढायचाच घ्यायचा."

साफ खोटं. गिरणीत धाकू हवेला पाणी पाजायचा. हसू नका. साचाखात्यात, म्हणजे माग चालतात तिथे, हवा कोरडी पडली की सूत तटातट तुटतं. म्हणून वाफ सोडायची आणि भिंतीवरच्या जोड-थर्मामीटरवर डोळा ठेवायचा. एक नळी कोरडी, दुसरीच्या बुडाला ओलं फडकं. दोन्हींत फरक किती, त्यावरून हवेत पाणी किती ते कळतं. तीस वर्षं त्यानं एवढंच केलं. शाळा चौथीपर्यंत, पण ऊब आणि ओल या दोन विषयांत गडी बी. ए. होता. दुरुस्तीला म्हणून घरी आणलेली अशी एक जोडी संपामुळे घरीच राहिली, ती देवाच्या फोटोशेजारी खुंटीला टांगलेली असायची. जानकी, त्याची बायको, तिलाही उदबत्ती ओवाळायची. कोण जाणे, न ओवाळल्यावर कोपली तर?

शिमगा म्हणजे धाकूचा घरचा सण. होळीला चोरून आणलेलं लाकूड पचतं, असा रिवाज. विकत आणलेल्या लाकडाची होळी म्हणजे विकत घेतलेली शिवी. तिला चव ती काय! त्या वर्षी होळीच्या दुपारी धाकू, नंदकुमार आणि चाळीतले चार गडी दोर घेऊन डोंगरात शिरले. नंदकुमारचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं, पण सेक्रेटरी पडला. चाळीच्या चोरीलाही त्याची हजेरी लागायची.

सुकलेल्या ओढ्याच्या काठी एक जुना बुंधा आडवा पडला होता. आतून पोकळ. धाकूनं काठीनं ठोकून पाहिला. अलीकडच्या टोकाला ढोलासारखा वाजला. पलीकडच्या टोकाला मात्र आवाज गच्च आला, धान्यानं भरलेल्या कणगीसारखा.

"पोकळ आहे रे. दोघांत जाईल," धाकू म्हणाला.

दोघांत तो हलला नाही. चौघांत नाही. सहाजणांनी दोर लावून 'होऽय' केलं तेव्हा कुठे जागचा सरकला.

"पोकळ म्हणे!" नंदकुमार धापा टाकत म्हणाला. "आत काय तुझ्या गिरणीचा मालक झोपलाय?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं धाकू.

२

बुंधा पुढे गेला आणि धाकू आडोशाला म्हणून मागे राहिला, तेव्हा त्याला ते दिसलं. बुंध्याखालची माती वाटीसारखी दबली होती आणि त्या वाटीत बारा अंडी होती. पांढरी, लांबट, हंसाच्या अंड्याएवढी, एकमेकांना चिकटून त्यांचा एक गड्डा झालेला. बोट लावलं तर कवच कडक नाही. भिजलेल्या चामड्यासारखं मऊ. आणि ऊन.

सापाची अंडी, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण धाकूला साप दिसला नाही, त्याला दिसला नंदकुमारचा गव्हाचा डबा. उद्या धुळवडीला सकाळी सेक्रेटरीणबाई गहू काढायला हात घालणार, आणि मग जी बोंब उठेल ती ठाण्यापर्यंत जाईल! त्यानं गड्डा आहे तसा पंच्यात उचलला, वर पानं टाकली आणि घरी आणून पलंगाखाली सरकवला.

संध्याकाळी होळी पेटली. बुंधा मधोमध उभा केला होता. ज्वाळा वर चढल्या आणि आतून सुस्कारा सुरू झाला.

ओलं लाकूड सुसू करतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ओलं लाकूड थांबून थांबून करतं. हा एकच सुस्कारा होता. मध्ये श्वास न घेता सोडलेला, लांबच लांब. पुढे उभ्या असलेल्या बायका नारळ हातात धरून थबकल्या. कुणाच्या मनात काही यायच्या आत धाकूनं तोंडावर उलटी मूठ आपटली आणि बोंब ठोकली. चाळ तयारच होती. बावीस खोल्यांनी मिळून अशी बोंब मारली की डोंगरानं ती परत पाठवली.

बोंब थांबली तेव्हा तो सुस्काराही थांबलेला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जानकीनं धाकूच्या हातात पाण्याचा हंडा दिला. होळीच्या निखाऱ्यावर तापवलेल्या पाण्यानं आंघोळ केली की वर्षभर अंगाला बाधा होत नाही. आणि त्या वर्षी घरात लेक होती. शेवंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा लागलेला. तिला पहिलं पाणी.

धाकूनं हंडा ठेवायला काठीनं राख सारखी केली, आणि काठी अडली. राखेत मणके होते. सुतळीत ओवल्यासारखे, एकापुढे एक, पांढरे, स्वच्छ. त्यानं काठीनं राख बाजूला केली, मणके संपेनात. होळीच्या कडेकडेनं ते अर्धा वेढा घालून गेले होते. दोन्ही हात पसरले तरी दोन माणसांत मावली नसती एवढी ती माळ.

आदल्या दुपारचं लाकडाचं वजन त्याला आता खांद्यावर जाणवलं.

"बाबा, पाणी झालं का?" शेवंतीनं दारातून विचारलं.

"झालं, झालं!" तो म्हणाला.

ते पाणी त्यानंच नेऊन दिलं. मग रंगात न्हालेली चाळ बाहेर नाचत होती तेव्हा त्यानं राखेसकट सगळे मणके घमेल्यात भरले, खोलीच्या मागच्या भिंतीला लागून खड्डा खणला आणि त्यात ठेवले. नंदकुमारच्या घरी गहू सुखरूप दळले गेले. "काय रे, यंदा आजारी आहेस का?" असं त्यानं दोनदा येऊन विचारलं.

३

"ह्या काय हाडलात तुमी?" जानकीनं पलंगाखाली वाकून विचारलं.

"अंडी."

"ती दिसतत माका. कोणाची?"

"आवशीची," धाकू म्हणाला. अंडी आईची, एवढी थट्टाच करायची होती त्याला, पण ती तोंडातून बाहेर पडेपर्यंत थट्टा राहिली नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. खाली बसून, जमिनीकडे बघत. जानकी पस्तीस वर्षं त्याच्या थापा ऐकत आलेली. खरं बोलताना हा माणूस कसा दिसतो हे तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"पोरगी पोटुशी आसा घरात," ती एवढंच म्हणाली. "डोंगरात ठेवून येवा."

"थंय मरतली. उबवणारा कोण आसा?"

शेवंती भिंतीला टेकून ऐकत होती. "राहू दे गं आई. पोटुशी बाईची सावली पडली की साप आंधळा होतो, असं तूच सांगतेस ना? मग मला कसली भीती?" आणि मुद्दाम वाकून तिनं त्या अंड्यांवर आपली सावली पाडली.

शेजारच्या खोलीतली सोनूबाई साताऱ्याकडची, म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात आया. देवाधर्माच्या भानगडीत न पडणारी खमकी बाई. तिनं अंडी पाहिली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "त्यात काय येवढं, राऊळ? आमच्याकडं अपुऱ्या दिवसांच्या पोरांना काचेच्या पेटीत घालत्यात. खाली बलब, कडंला वाटीत पाणी. तुमी तर गिरणीत बाराशे साचे वल्ले ठिवलेत, बारा अंडी व्हत न्हाईत तुमच्याच्यानं?"

झालं. गड्याला कामावर घेतलं गेलं.

चहाचं लाकडी खोकं आणलं. तळाला वाळू, वाळूवर मातीचं परळ, परळात ओलसर केलेला लाकडाचा भुसा. त्यात गड्डा आहे तसा ठेवला. कोंबडीची अंडी फिरवतात, ही फिरवायची नाहीत एवढं त्याचं त्यालाच उमजलं. एका कोपऱ्यात पंचवीसचा बल्ब, वर ओलं गोणपाट. देवाशेजारची जोडी खुंटीवरून उतरून खोक्यात आली. दोन दिवस त्यानं गोणपाट इकडून तिकडे ओढलं, बल्ब वर-खाली केला, आणि तिसऱ्या दिवशी हवा बरोबर लागली. कोरडा नव्वद, ओला पंच्याऐंशी.

गिरणी बंद पडल्यापासून धाकू पहिल्यांदा वेळेवर उठायला लागला. चाळीतल्या छत्र्या कोरड्या निघू लागल्या, आणि लोकांना त्याचीच जास्त धास्ती वाटू लागली.

४

पंधरवड्यानं एका दुपारी तो रेशन घेऊन आला आणि सवयीनं आधी खोक्याजवळ गेला. बल्ब विझला होता. काच काळी पडलेली. त्यानं बोट लावलं, गार. म्हणजे सकाळीच कधीतरी गेला.

त्यानं घाईनं नळ्या पाहिल्या. कोरडा नव्वद, ओला पंच्याऐंशी.

"बिघडली," तो स्वतःशीच म्हणाला. जोडी काढून कोरडी नळी काखेत धरली. पारा अठ्ठ्याण्णववर गेला. नळी चांगली होती. बिघडला असेल तर धाकू. त्यानं ती बाहेर सावलीत टांगली, पारा खाली आला. परत खोक्यात ठेवली, परत नव्वद.

बल्ब बदलला नाही. बघूया तर खरं, म्हणून तासभर, मग संध्याकाळपर्यंत, मग दुसऱ्या दिवसापर्यंत. नव्वद.

आता विचार केला तर कारणं काय कमी असतात? चैत्र लागलेला, वर कौलं तापलेली. भुसा ओला असला की आतून गरम होतो, शेणखताचा ढीग नाही का होत? ही कारणं धाकूनं एकेक करून स्वतःला दिली, आणि प्रत्येक कारणाला मान डोलावली. मग तो पाणी प्यायला उठला आणि आधाराला म्हणून त्याचा हात मागच्या भिंतीवर टेकला.

गिरणीत तेल संपलेलं बेअरिंग कुठलं, ते तळहातानं ओळखायची त्याला सवय होती. भिंत गार होती. फक्त जमिनीपासून वीतभर वर एक पट्टा गरम होता. मांडीएवढा रुंद. पट्ट्याच्या वर गार, खाली गार. तो हात सरकवत गेला. पट्टा कोपऱ्यात वळला. पलंगामागून गेला, खिडकीखालून गेला, दारापाशी आला, उंबऱ्यातून पलीकडे झाला आणि निघाला तिथेच येऊन मिळाला.

आणि पट्टा कापत होता. डोळ्यांना नाही, तळहाताला. एक थरथर यायची, थांबायची, पुन्हा यायची. त्यानं घड्याळ काढलं. मिनिटाला तीस.

"खाणीचं मशीन," धाकू म्हणाला. डोंगरापलीकडे खडी फोडायची खाण होतीच. कंप जमिनीतून येतो, त्यात काय? तो समाधानानं खाली बसला. मग त्याला आठवलं की आज रविवार.

सोनूबाईला त्यानं बोलावून भिंतीला हात लावायला लावला. तिनं लावला. जरा जास्तच वेळ ठेवला.

"उन्हानं तापलीया," ती म्हणाली. पण जाताना ती भिंतीपासून लांबून गेली.

५

शेवंतीला साडेसातव्यातच कळा आल्या. सोनूबाईनंच तिला प्रसूतिगृहात नेलं. मुलगी झाली. सव्वा किलोची, सोललेल्या आंब्यासारखी नाजूक, रडली तर मांजराच्या पिलासारखी.

काचेची पेटी एक आणि तिच्यात आधीच तीन बाळं. आठवडाभर तिला कशीबशी चौथी म्हणून घातली. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकाचं दुखणं दुसऱ्याला लागायला लागलंय. त्यापेक्षा घरी न्या, पण ऊब सुटू देऊ नका. अंगाला वारा लागला, गार पडली, तर पुन्हा आणण्यात अर्थ नाही. कापसात गुंडाळा, वजन दोन किलो होईपर्यंत सोडू नका.

बाहेर माणसं घामानं निथळत होती, अंगणात बाजा टाकत होती, आणि त्या उकाड्यात या पोरीचे तळवे पाण्यातल्या गोट्यासारखे गार.

"राऊळ, तुमच्याकडं पेटी हाय की," सोनूबाई म्हणाली. तिनं कापसाच्या थरांत, वर मलमलीत पोर अशी गुंडाळली की नाकाच्या शेंड्याखेरीज काही दिसेना. लांबट, पांढरं गाठोडं. ते खोक्याच्या वरच, गोणपाटाशेजारी टोपलीत ठेवलं. टोपलीवर साठचा बल्ब लोंबता सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खांबावरचा विजेचा डबा फट्‌कन फुटला आणि चाळ अंधारली. लाईनमन बघून गेला. "चार दिवस धरून चाला," म्हणाला.

जानकी मटकन खाली बसली. शेवंती टोपलीच्या कडेला बोटं घट्ट रोवून बसली. स्टोव्ह पेटवावा तर धुरानं पोर जाईल. बाटल्यांत गरम पाणी भरून ठेवावं, तर ती घटकेत गार होतात. तरी दोघींनी बाटल्या भरायला घेतल्या. धाकूनं जोडी टोपलीत टांगली आणि समोर बसला. 

पारा हलला नाही.

तिन्हीसांजेला शेवंतीनं गाठोड्यात बोट घातलं आणि तिचे डोळे भरून आले. "बाबा, पाय ऊन आहेत. तिचे पाय ऊन आहेत!"

"देवाची किरपा," जानकीनं हात जोडले, देवाच्या फोटोकडे बघून.

धाकूनंही हात जोडले. त्याचं तोंड मागच्या भिंतीकडे होतं.

६

पट्टा आता वीतभर उंचीवर राहिला नव्हता. पहिल्या वेढ्यावर दुसरा बसला होता, दुसऱ्यावर तिसरा. तळहातानं मोजत धाकू कमरेपर्यंत आला. चार खणखणीत वेढे.

पोर दूध ओढू लागली होती. कापसाच्या वातीनं थेंब थेंब, पण ओढत होती. ही एवढी गोष्ट नसती तर धाकूनं केव्हाच दोघींना घेऊन चाळ सोडली असती. पण सोडून जायचं कुठे? बाहेरची हवा पोरीला मारणार, ही भिंत तिला जगवतेय. आणि जगवणारी कोण, तर जिला त्यानं हसत हसत दोर लावून ओढत आणलं, आणि जिचा आवाज बोंबेखाली दाबला, ती. दुपारी चाळ पेंगायची तेव्हा तो भिंतीपाशी बसायचा. तळहात टेकून थरथर ऐकायचा. आयुष्यभर बडबड केलेल्या माणसाला बोलायला शब्द सापडेना, एवढी ती थरथर मोठी होती. खडी फोडायच्या मशीनची ताकद, आणि हळुवारपणा असा की टोपलीवरचा कापूस हलू नये.

मग ट्रंकेची गंमत झाली. पलंग आणि ट्रंक यांच्यामधून जानकी तीस वर्षं पदर सावरून जात आलेली. त्या दिवशी ती अडकली. आडवी होऊन निघाली.

"मी जाडी झालंय म्हणा सरळ!" ती फणकारली, कारण धाकू बघत होता.

धाकू हसला नाही. ती बाहेर गेल्यावर त्यानं खोली पावलांनी मोजली. भिंतीपासून भिंतीपर्यंत आठ पावलं. नवीन होती तेव्हापासून आठ. आता साडेसात भरली. पाऊल लांब पडलं असेल, म्हणून टाचेला टाच लावून पुन्हा मोजली. साडेसातलाही थोडं कमीच.

दुपारचे बारा वाजत आले होते. छपरात एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाचा ताटाएवढा कवडसा त्या वेळी मागच्या भिंतीवर पडायचा. धाकूनं सहज तिकडे पाहिलं.

कवडशात चुना नव्हता. तपकिरी डाग होते, सोनेरी कडांचे, एकात एक बसवलेले. आणि ते सरकत होते. डावीकडून उजवीकडे, सावकाश, एकामागून एक डाग कवडशात यायचा, उन्हात चमकायचा, जायचा. पुन्हा दुसरा. धाकू मोजायला लागला, आणि तेहेतिसावर त्यानं मोजणं सोडलं. कवडशाच्या बाहेर सगळीकडे साधी, पोपडे आलेली चुन्याची भिंत.

ढग आला, कवडसा गेला. पुन्हा आला तेव्हा तिथे चुना होता.

७

अंडी दुसऱ्या सकाळी फुटली. कवचाला चिरा पडल्या, चिरांतून बोटाएवढी डोकी आली, जरा टेकून राहिली, हवा बघितली. मग एकेक करून बाराही बाहेर आली. अंगावर तेच डाग, तीच सोनेरी कड. नंदकुमारही दारातून बघून गेला.  पहिल्यांदाच धाकूनं त्याला न बोलता गप्प केलं होतं. मडक्यात घालून धाकूनं ती ओढ्याकाठी त्याच मातीच्या वाटीत सोडली. बाराच्या बारा, पानांखाली गेलेली त्यानं पाहिली.

परत येताना त्याला हलकं वाटत होतं. फिटलं. आता ती जाईल.

दार ढकललं तर ते अर्धंच उघडलं. चौकट मुरडली होती. आत शेवंती टोपलीला पोटाशी धरून बसलेली, जानकी भिंतीला दोन्ही हात लावून उभी.

"अहो," ती पुटपुटली, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं विचारलं, "ह्या तुमीच करतास मा? सांगा, ही तुमचीच खोडी आसा."

धाकूनं भिंतीला हात लावला. वेढे छातीपर्यंत आले होते आणि थरथर थांबत नव्हती. मिनिटाला तीस कुठली, साठ, सत्तर. ट्रंक कुरकुरत पलंगाला भिडली. कौलातून माती गळली. हे रागावणं नव्हतं. रागाची थरथर तळहाताला वेगळी लागते. हे अंग थरथरवून, जिवाच्या आकांतानं ऊब देणं होतं. सगळी फुटली आणि एक राहिलंय, ते का फुटत नाही, म्हणून.

त्यानं टोपलीकडे पाहिलं. लांबट, पांढरं, गुंडाळलेलं.

शेवंतीची सावली अंड्यांवर पडली तेव्हा अंड्यांमागे आलेली तीही आंधळी झाली होती. तिला दिसत नव्हतं. उबेवरून चाचपून तिनं अंडी मोजली होती, तेरा.

"सोड तिला," धाकू म्हणाला.

"काय?"

"कापूस सोड. मोकळी कर पोरीला."

"बाबा, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? दोन किलो होईपर्यंत..."

"ठाऊक आहे मला काय म्हणाल्या ते! बाय माझे, आयुष्यात थट्टा केली नसती तर आज तुला पटलं असतं. सोड."

शेवंतीनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं.  मग तिनंच मलमलीची गाठ सोडली. एक थर, दुसरा थर. कापसाच्या लाद्या निघाल्या, आणि आतून ती निघाली. लाल, सुरकुतलेली, उघडीवाघडी. धाकूनं तिला दोन्ही तळहातांवर घेतलं आणि मागच्या भिंतीच्या दिशेनं, कमरेच्या उंचीवर, पुढे धरलं. जगातली हवा पोरीच्या सगळ्या अंगाला एकदम लागली. तिनं हातपाय झाडले, तोंड उघडलं आणि रडली. मांजरासारखी नव्हे. टाहो फोडला. बाहेर नंदकुमारच्या दारातून कुणीतरी विचारलं, काय झालं म्हणून.

थरथर मधेच तुटली.

खोलीत काही हललं नाही, पण पोरीच्या अंगावरची विरळ लव एका बाजूला झुकली, कुणी अगदी जवळून श्वास घेतल्यासारखी. धाकूनं हात मागे घेतले नाहीत. कसे घेणार? एकदा त्यानं या आईपासून चोरलं होतं. कवडशाची वेळ झाली होती. उन्हाच्या ताटात, पोरीपासून वीतभर अंतरावर, भिंत क्षणभर फुगली, आणि तिच्यात एक डोळा होता, दुधाळ, सायीसारखा. मग तो कवडशातून पुढे गेला आणि त्याच्यामागून डाग सरकू लागले. ते किती वेळ सरकत होते ते धाकूला पुढे कधी सांगता आलं नाही. दाराची चौकट करकरली आणि सरळ झाली. उंबऱ्यावरची रांगोळी पुसत गेली, आधी हातभर, मग सगळी. अंगणातल्या होळीच्या जागेवरची जुनी राख एका लांब ओळीत उठली आणि डोंगराच्या बाजूला बसत गेली.

मग खोली गार पडली. चैत्राच्या दुपारी, तापल्या कौलांखाली, विहिरीत उतरल्यासारखी गार.

जोडीतला पारा उतरताना दिसत होता. पंच्याऐंशी. ब्याऐंशी. पोरीचे ओठ निळसर व्हायला लागले. "कापूस! कापूस दे!" जानकी ओरडली, पण कापूस पायाखाली, कौलांतून गळलेल्या मातीत तुडवला गेला होता, बाटल्या गार होत्या, वीज नव्हती.

धाकूनं सदरा वर केला आणि पोरीला उघड्या छातीवर घेतलं, कातडीला कातडी. सदरा वरून ओढला. मग तो जमिनीवर बसला, गुडघे वर घेतले, हात गुंडाळले, मान खाली घातली. जेवढं वेटोळं माणसाच्या हाडांना जमतं तेवढं केलं. आणि थरथरायला लागला.

सोनूबाई धावत आली ती दारातच थांबली.

"आता ह्या काय नवीन सोंग?" जानकी रडत म्हणाली.

 धाकू मोजत होता. एक थरथर, थांबा, पुन्हा. मिनिटाला तीस. सदऱ्याच्या आत दोन इवले पाय त्याच्या बरगड्यांना लागलेले होते, आणि ते ऊन होत होते.